सिकलसेलच्या रजिस्टरमध्ये एक रकाना कमी आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणी मोहिमेत किती लोकांचे रक्त तपासले गेले आणि किती जणांना कार्डे मिळाली, याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. मी विदर्भातील एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम करून निवृत्त झाले असल्याने या मोहिमेचे मोल मला ठाऊक आहे. तरीही आजार आनुवंशिक आहे असे म्हणत असताना त्याच्या आनुवंशिकतेचा अभ्यास करण्याची हाती आलेली संधी आपण रोज वाया घालवतो, ही खंत नोकरीत असल्यापासून माझ्या मनात आहे. ती सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

एका कुटुंबापासून सुरुवात करते. त्या घरातील दोन सख्ख्या भावांचा रिपोर्ट ‘एसएस’ होता, म्हणजे दोघांनाही सदोष जनुक आई आणि वडील अशा दोघांकडून मिळालेले होते. मोठा मुलगा दर पावसाळ्यात हाडांच्या असह्य वेदनांनी रुग्णालयात भरती होई. त्याला अनेकदा रक्त चढवावे लागले आणि सतराव्या वर्षी त्याच्या खुब्याचे हाड निकामी झाले. धाकटा मात्र चिखलणी-रोवणीची कामे करत असे. रिपोर्ट हाती येईपर्यंत त्याला काही आजार आहे हे घरात कोणाच्या लक्षातही आले नव्हते. रिपोर्ट घ्यायला आलेल्या आईने मला विचारले, ‘मॅडम, दोघंही माह्याच पोटचे, रिपोर्टबी सारखाच, मंग याच्याच हाडात काऊन दुखते?’ त्या दिवशी मी तिला काहीतरी समजुतीचे बोलून परत पाठवले. तिचा प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही, कारण आनुवंशिक आजारांच्या अभ्यासातील सर्वांत अवघड भाग तिने एका वाक्यात विचारला होता.

सिकलसेल हा पाठ्यपुस्तकात सोपा वाटणारा आजार आहे. अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात डीएनएचे एक अक्षर बदलते आणि त्यामुळे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याशा बदलाने ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटून दोऱ्यांसारखे लांबतात, लाल पेशी विळ्याच्या आकाराची व ताठर होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि एरवी १२० दिवस टिकणारी ही पेशी दहा-वीस दिवसांत फुटून जाते. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हा ‘रेणूचा आजार’ असल्याचे दाखवले, त्याच वर्षी जेम्स नील यांनी त्याची आनुवंशिकता स्पष्ट केली आणि पुढे सात-आठ वर्षांत व्हर्नन इन्ग्राम यांनी नेमका बदल शोधून काढला. भारतात हा दोष प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत नोंदला गेला. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातील वाहकांविषयी, म्हणजे एकच सदोष जनुक असलेल्या आणि सहसा स्वतः आजारी नसलेल्या माणसांविषयी, लिहिले. म्हणजे आपल्या भागाला हा आजार माहीत होऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तो केवळ आदिवासींचा आजार आहे, हा समज मात्र अजून टिकून आहे. विदर्भात अनुसूचित जातींच्या आणि इतर मागासवर्गीयांच्या अनेक घरांत तो पिढ्यानपिढ्या आहे.

एवढे सारे कळूनही त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर एका जनुकात सापडत नाही. आजार होतो एका जनुकामुळे, पण तो किती छळणार हे इतर अनेक जनुके आणि माणसाचे राहणीमान मिळून ठरवतात. त्यांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन, ज्याला रिपोर्टवर ‘एफ’ म्हणतात. आईच्या पोटात असताना बाळाच्या रक्तात मुख्यतः हेच हिमोग्लोबिन असते. जन्मानंतर काही महिन्यांत ते ओसरते आणि निरोगी प्रौढात साधारण एक टक्क्याहूनही कमी उरते. सिकलसेलच्या ज्या रुग्णात ते जास्त प्रमाणात टिकून राहते, त्याच्या पेशी सहजासहजी विळ्यासारख्या होत नाहीत. भारतात आढळणारा सिकलसेलचा जनुक ज्या आनुवंशिक पार्श्वभूमीसह येतो, तिला अरब-भारतीय हॅप्लोटाइप म्हणतात आणि अशा रुग्णांत एफचे प्रमाण आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा सरासरीने बरेच जास्त असते. त्यामुळे ‘भारतातील सिकलसेल सौम्य असतो’ असे वाक्य रूढ झाले. ओडिशातील जुन्या निरीक्षणांत त्याला आधारही होता. परंतु नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी त्यांच्याकडे येणाऱ्या मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, तेव्हा इथल्या अनेक मुलांचा आजार मुळीच सौम्य नसल्याचे पुढे आले. एकाच देशात, एकाच हॅप्लोटाइपमध्ये असा फरक का पडतो, हे शोधायचे तर फार दूर जाण्याची गरज नाही. ज्या घरांत ही मुले आहेत, त्याच घरांत त्याचे उत्तर आहे.

असे शोध किती दूरवर जाऊ शकतात, याचे उदाहरण याच आजारात आहे. २००७ आणि २००८ मध्ये ब्रिटनमधील जुळी भावंडे आणि इटलीच्या सार्डिनिया बेटावरील रहिवासी यांच्या संपूर्ण जनुकसंचाची तुलना करताना, एफचे प्रमाण कमीजास्त होण्याशी संबंधित असलेली एक जागा दुसऱ्या गुणसूत्रावर सापडली. तेथील ‘बीसीएल११ए’ नावाचे जनुक जन्मानंतर एफची निर्मिती दाबून टाकते, हे लगेचच प्रयोगशाळेत सिद्ध झाले. मग पंधरा वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील मूळपेशी काढून, त्यांत बीसीएल११ए दाबणारा बदल करून त्या परत दिल्या की एफ पुन्हा तयार होऊ लागते. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर आहे, त्यामुळे आमच्या तालुक्यातील रुग्णाला तो आज तरी केवळ वाचण्यापुरता आहे. दिल्लीतील आयजीआयबी ही संस्था देशी जनुकीय उपचारावर काम करत आहे, ही आशेची गोष्ट आहे. मला येथे लक्ष वेधायचे आहे ते दुसऱ्याच गोष्टीकडे. रक्तातील एक टक्केवारी हजारो लोकांत काळजीपूर्वक मोजून ठेवली, म्हणून हा रस्ता सापडला.

आणि नेमकी तीच टक्केवारी आम्ही टाकून देत होतो.

हे कसे घडते ते सांगते. शिबिरात बोटातून रक्ताचा थेंब घेऊन सोल्युबिलिटी टेस्ट केली जाते. नळीतील द्रावणात रक्त मिसळून पाच मिनिटांनी ती रेघा आखलेल्या कागदासमोर धरायची. रेघा स्पष्ट दिसल्या तर चाचणी निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. या चाचणीतून वाहक आणि रुग्ण यांतील फरक कळत नाही, शिवाय तान्ह्या बाळाच्या रक्तात एफ भरपूर असल्याने तिथे ती फसते. म्हणून पॉझिटिव्ह नमुना जिल्ह्याच्या ठिकाणी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर जातो. तिथून येणाऱ्या कागदावर डोंगराच्या शिखरांसारखा आलेख असतो आणि त्याखाली ए, ए२, एस (सिकलसेलचे) आणि एफ या प्रकारांची टक्केवारी दशांश चिन्हापर्यंत छापलेली असते. आमच्या रजिस्टरमध्ये मात्र नाव, वय, लिंग, गाव, जात आणि ‘निकाल: एएस किंवा एसएस’ (म्हणजे वाहक किंवा रुग्ण) एवढेच रकाने होते. मी तो कागद वाचून दोन अक्षरे उतरवत असे आणि कागद रुग्णाच्या हाती देत असे. घराच्या छपरातून गळणाऱ्या पाण्यात किंवा ट्रंकेच्या तळाशी तो वर्षभरात नाहीसा होई. यंत्राने मोजलेला, सरकारने पैसे देऊन मिळवलेला तो आकडा असा हजारो वेळा हरवला आहे. मोठ्या भावाची आणि धाकट्या भावाची एफची टक्केवारी त्या दिवशी माझ्या हातात होती. आईच्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर माझ्या समोरच्या कागदावर छापलेले असताना मी ते वाचले नाही, कारण मला ते वाचायला कोणी शिकवले नव्हते आणि लिहायला जागा नव्हती.

हे ध्यानात आल्यापासून मी एक स्वतंत्र वही ठेवू लागले. एफच्या आकड्याशेजारी रुग्णाला गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले आहे का आणि हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या सुरू आहेत का, हे लिहिणे आवश्यक असते. दुसऱ्याचे रक्त मिसळले की टक्केवारी बदलते आणि ही गोळी तर एफ वाढवण्यासाठीच दिली जाते. या दोन नोंदींशिवाय आकडा निरुपयोगी ठरतो. शिवाय वर्षात किती वेळा भरती झाली, ताप, थंडी, उन्हातील कष्ट, पाणी कमी पिणे यांपैकी कशानंतर वेदना उसळल्या, हेही मी विचारत असे. अल्फा थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनचा दुसरा आनुवंशिक दोष सोबत असला तर सिकलसेलची तीव्रता बदलते, त्याची चाचणी मात्र आमच्याकडे कधीच नव्हती.

वंशावळ काढायला बसले तेव्हा आणखी एक अडचण समोर आली. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, लग्नासाठी आडवी रेघ, मुलांसाठी उभी रेघ, वाहकाची आकृती अर्धी भरलेली, रुग्णाची पूर्ण भरलेली, ही पद्धत मी एका प्रशिक्षणात शिकले होते. पणजोबांपर्यंतच्या पुरुषांची नावे लोक घडाघडा सांगत. मात्र आजीचे माहेर कोणते, तिच्या बहिणी कुठे दिल्या, त्यांची मुले लहानपणीच का गेली, हे विचारले की घरातील पुरुष गप्प होत. आपल्याकडे पिढीजात वंशावळीत लेकी नसतात आणि सुनांचे मूळ नाव लग्नात बदललेले असते. सिकलसेल मात्र माहेर आणि सासर दोन्हीकडून येतो. म्हणून मी वंशावळ नेहमी घरातील सर्वांत वयस्कर बाईकडून घेऊ लागले. ‘पोटफुगीने’ किंवा ‘काविळीने’ गेलेल्या भाचरांची आठवण तिच्याच जवळ असे. आनुवंशिक आजारांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या प्रत्येक तरुण संशोधकाला मी सांगेन की, पहिली माहिती आजीकडून घ्या आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नका.

समुपदेशनाबद्दलही थोडे लिहिते, कारण अर्धवट समजावलेली आनुवंशिकता संसार मोडते. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे वाक्य भिंतींवर रंगवलेले असते. ‘चारातलं एक झालं, आता बाकीचे तीन चांगले होतील,’ असा त्याचा अर्थ लावलेला मी असंख्य वेळा ऐकला. अखेर मी भाषण बंद केले आणि फोडलेले चिंचोके पर्समध्ये ठेवू लागले. त्यांची एक बाजू पांढरी, दुसरी काळपट असते आणि सारीपाट खेळलेल्या बायकांना ते चांगले ओळखीचे असतात. एक चिंचोका नवऱ्याच्या हाती, एक बायकोच्या हाती द्यायचा आणि दोघांना एकदम टाकायला सांगायचे. दोन्ही पांढरे पडले तर बाळ आजारी, एक पांढरा पडला तर वाहक, दोन्ही काळे तर निरोगी. दहा-बारा वेळा टाकल्यावर कधी लागोपाठ दोनदा दोन्ही पांढरे पडतात, कधी एकदाही पडत नाहीत, आणि मागचा डाव पुढच्या डावाला बांधील नसतो हे न सांगता कळते. दोष एकट्या बाईचा नाही, हेही त्याच खेळात कळते, कारण नवऱ्याच्याही हातून चिंचोका पडलेला असतो.

आता थोडे संशोधकांविषयी. काही वर्षांपूर्वी एका बाहेरच्या संस्थेचे पथक आमच्या भागात आले होते. पथकाने अनेक घरांतून रक्ताचे नमुने घेतले, इंग्रजी कागदावर अंगठे घेतले आणि ‘रिपोर्ट कळवू’ असे सांगितले. मी स्वतः त्या घरांपर्यंत त्यांना घेऊन गेले होते. रिपोर्ट आले नाहीत, कोणी परतलेही नाही, आणि पुढची दोन वर्षे सरकारी शिबिरालाही त्या गावातील लोक बोट देईनात. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या हवासुपाई या आदिवासींचा अनुभव याहून कटू आहे. १९९० च्या सुमारास त्यांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले आणि त्याचा वापर त्यांना न विचारता मानसिक आजार व पूर्वजांच्या स्थलांतराच्या अभ्यासासाठी झाला. अखेर २०१० मध्ये नमुने घेणाऱ्या विद्यापीठाला ७ लाख डॉलर देऊन उरलेले नमुने परत करावे लागले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे संमतीबाबत स्पष्ट आहेत. ती गोंडी, माडिया, कोरकू बोलणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत समजावून सांगितली गेली, तरच त्यांना अर्थ आहे.

दीर्घकाळ एकाच कुटुंबांसोबत राहून अभ्यास करणे आपल्याकडे शक्य नाही, असे कोणी म्हणेल तर त्याने पुण्याकडे पाहावे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला, त्यांच्या बाळांना मोठे होईपर्यंत सोडले नाही आणि आपली बाळे वजनाने कमी असूनही त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण जास्त असते, हे त्यातून जगाला समजले. मधुमेह हा तर सिकलसेलपेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा आजार आहे. त्यात शेकडो जनुकांचा लहान लहान वाटा आणि त्याबरोबर आईच्या गर्भातील पोषणापासूनचा सारा इतिहास असतो. अशा आजारांच्या जनुकीय धोक्याचे आजचे जागतिक ठोकताळे बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर उभे आहेत आणि ते आपल्या अंगाला नीट बसत नाहीत. हृदयस्नायूच्या आजाराशी संबंधित ‘एमवायबीपीसी३’ जनुकातील एक बदल दक्षिण आशियातील सुमारे चार टक्के लोकांत असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तो युरोपात जवळपास नाहीच, त्यामुळे तिथल्या अभ्यासातून तो कधी सापडला नसता.

दुर्मिळ आजारांची स्थितीही अशीच आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेसह अनेक संस्थांनी २०१७ मध्ये दक्षिण आशियातील २६३ समूहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ८१ समूह इतक्या थोड्या पूर्वजांपासून वाढले आहेत की, त्यांच्यातील हा परिणाम अशाच मोजक्या पूर्वजांसाठी ओळखल्या जाणाऱ्या फिनलंडच्या लोकांपेक्षा किंवा युरोपातील अश्केनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र आहे, असे त्यात आढळले. पिढ्यानपिढ्या जातीतच लग्ने लावल्याने एखाद्या पूर्वजातील लपलेला दोष दोन्हीकडून एकत्र येण्याची शक्यता वाढते. ‘सोळा कोटींचे इंजेक्शन’ हवे असलेल्या बाळांसाठी महाराष्ट्राने भरभरून मदत केली, याचा मला अभिमान आहे. पण तशाच बाळाच्या मावशी-काकांची वाहक म्हणून तपासणी झाली का, हे विचारणारी बातमी माझ्या पाहण्यात आली नाही. २०२१ च्या राष्ट्रीय धोरणानुसार दुर्मिळ आजारांच्या रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. त्या रुग्णाच्या घरातील पुढच्या गर्भारपणाआधी त्याच कुटुंबाशी बोलणे त्याहून फार स्वस्त आहे. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने सुमारे दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली केली, हे मोठे काम आहे. तरीही ती माहिती प्रामुख्याने निरोगी लोकांची आहे. आजारी माणूस, त्याची भावंडे आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा यांची जोड तिला मिळाल्याशिवाय त्या आईच्या प्रश्नाला तिचा उपयोग होणार नाही.

म्हणून राज्याच्या आरोग्य विभागाला माझी विनंती अशी आहे की, सिकलसेलच्या नोंदीत एफची टक्केवारी, रक्त चढवल्याची व गोळ्यांची नोंद आणि वर्षातील वेदनांचे प्रसंग यांना रकाना द्यावा. एका घरातील सर्वांना एकच कुटुंब क्रमांक द्यावा आणि त्यात माहेरची बाजूही जोडावी. प्रत्येक जिल्ह्यात एक तरी प्रशिक्षित जनुकीय समुपदेशक कायम पदावर असावा, कारण कंत्राट संपले की त्याच्याबरोबर घराघरांची ओळखही जाते. जे संशोधक नमुने घेतील त्यांच्यावर निकाल रुग्णाच्या भाषेत परत देण्याचे बंधन असावे. यासाठी नवे यंत्र लागणार नाही. आकडा आजही छापून येतो, तो फक्त उतरवून ठेवायचा आहे.

माझी वही अजून माझ्याजवळ आहे. त्यातील कुटुंबांना विचारल्याशिवाय मी ती कोणाच्या हाती देणार नाही. मात्र विचारायला कोणी येणार असेल, तर त्यांच्यासोबत प्रत्येक घरापर्यंत येण्याची माझी तयारी आहे. पहिले घर त्या दोन भावांचेच असेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, विदर्भ